शिर सलामत : विजेवरची दुचाकी आणि हेल्मेटची निवड



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा सुरू केली. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या अशा व्यासपीठांवरून राज्यशास्त्र, अर्थकारण, धर्म, वाङ्मय अशा भारदस्त विषयांची चर्चा होत आली आहे. त्या परंपरेत ‘डोक्यावर हेल्मेट कोणते घालावे’ असा विषय घेऊन कुणी उभा राहिला, तर श्रोत्यांच्या कपाळाला आठी पडणे स्वाभाविक आहे. आठी पडायला कपाळ शाबूत असावे लागते, एवढेच माझे त्यावर नम्र उत्तर आहे.

विषयाला हात घालण्यापूर्वी एका शब्दाचा निकाल लावतो. ‘शिरस्त्राण’ हा शब्द फार सुंदर आहे. परंतु लालबागच्या एखाद्या दुकानात जाऊन आपण शिरस्त्राण मागितले, तर दुकानदार आपल्याला नाटकाच्या कपडेपटाचा पत्ता देईल. तेव्हा आज मी ‘हेल्मेट’ हाच शब्द वापरणार आहे. तो आता आपलाच झाला आहे. वस्तू मात्र अजून आपलीशी झालेली नाही, आणि सारे दुखणे तिथेच आहे.

रस्ता हाच कारखाना

आपल्या घोडपदेवचेच उदाहरण घ्या. एके काळी इथला माणूस कामावर पायी जात असे. भोंगा झाला की चाळी रिकाम्या होत आणि गिरण्या भरत. १९८२ चा संप झाला, गिरण्या एकामागून एक थंडावल्या, आणि न्यू हिंद मिलच्या जागेवर आता गिरणी कामगारांसाठी म्हाडाने बांधलेल्या इमारती उभ्या आहेत. ज्याचा आजा साचावर उभा राहिला, तो नातू आज पाठीला चौकोनी पिशवी लावून विजेवरच्या बाईकवर बसतो आणि दादरपासून कुलाब्यापर्यंत लोकांच्या दारी जेवण नि किराणा पोहोचवतो. ज्याला हे काम नाही, तोही स्टेशनपर्यंत, बाजारापर्यंत, मुलीला शाळेत सोडण्यापुरती अशी गाडी घरात आणू लागला आहे. पेट्रोलचा भाव पाहता त्याला दोष देता येणार नाही.

आता ही गाडी कोणत्या रस्त्याने जाते ते पाहा. पूर्व मुक्त मार्ग आपल्या शेजारूनच जातो, पण त्यावर दुचाकीला बंदी. शिवडीहून निघणारा अटल सेतू २०२४ च्या जानेवारीत खुला झाला, त्यावरही मोटारसायकलला बंदी. जे. जे. रुग्णालयाजवळच्या उड्डाणपुलावर बंदी आणि सागरी किनारा मार्गावरही बंदी. या बंदींमागे सुरक्षिततेचे कारण आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु तिचा परिणाम असा की चारचाकी वरून जाते आणि दुचाकीच्या वाट्याला खालचा रस्ता येतो. म्हणजे बॅरिस्टर नाथ पै मार्ग, आंबेडकर मार्ग, बंदराकडून येणाऱ्या मालमोटारी, वळण घेणाऱ्या बसगाड्या, पावसाळ्यातले पाण्याने भरलेले खड्डे आणि बारा महिने तेरा काळ चाललेले खोदकाम.

गिरणीत यंत्राच्या फिरत्या भागांना आणि पट्ट्यांना कठडा असावा, जाळी असावी, हे १९४८ च्या कारखाना कायद्याने मालकावर बंधनकारक केले. ते बंधन काही कुणाच्या मनात सहज आले नाही. माणसांचे हात तुटले, बोटे गेली, तेव्हा ते आले. आजच्या या नातवाचा कारखाना म्हणजे रस्ता. त्याच्या यंत्राला जाळी कुठली? त्याच्या डोक्यावरचे हेल्मेट हीच ती जाळी. ती कशी पारखून घ्यावी, हा आजचा विषय आहे.

कायदा काय विचारतो, रस्ता काय विचारतो

विजेवर चालणाऱ्या दुचाक्यांना आपण सरसकट ‘ई-बाईक’ म्हणतो. वास्तविक त्यांचे तीन प्रकार मानावे लागतील.

पहिली, पायडल असलेली सायकल. तिला छोटी मोटर असते. आपण पाय मारू तोवर ती मदत करते आणि तासाला २५ किलोमीटरचा वेग आला की मदत थांबवते. दुसरी, स्कूटरसारखी दिसणारी हलकी गाडी. तिच्या मोटरची ताकद २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असतो. या दोन्ही प्रकारांना केंद्रीय मोटार वाहन नियमांनी ठराविक अटींवर ‘मोटार वाहन’ या व्याख्येतून वगळले आहे. त्यांना नंबर नाही, परवाना नाही, आणि म्हणूनच हेल्मेटचे कलमही त्यांना सरळ लागू होत नाही. तिसरा प्रकार म्हणजे नोंदणी झालेली, हिरव्या नंबरपाटीची स्कूटर अथवा मोटारसायकल. तिला पेट्रोलच्या गाडीचे सारे नियम लागू आहेत. मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ सांगते की चार वर्षांवरील प्रत्येकाने, चालवणाऱ्याने आणि मागे बसणाऱ्यानेही, प्रमाणित हेल्मेट घातले पाहिजे. न घातल्यास एक हजार रुपये दंड आहे आणि तीन महिने परवाना निलंबित होऊ शकतो. मागे बसणाऱ्याच्या हेल्मेटबाबत मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी २०२२ च्या जूनपासून विशेष सक्ती सुरू केली, हे आपल्याला आठवत असेल.

आता गंमत अशी होते की, दुकानदार गिऱ्हाइकाला आनंदाने सांगतो, ‘साहेब, या गाडीला लायसन्स नको, पासिंग नको, हेल्मेटपण नको.’ गिऱ्हाईकही आनंदाने ऐकतो. त्यात भर म्हणजे काही ठिकाणी हीच गाडी आतले नियंत्रण बदलून चाळीस-पंचेचाळीसच्या वेगाने पळवली जाते. २०२२ साली महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तालयाने अशा फेरफार केलेल्या गाड्यांच्या तपासणीचे आदेश दिले होते, ते याच कारणाने.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. हेल्मेट लागते की नाही, हा प्रश्न कायदा गाडीच्या मोटरकडे पाहून सोडवतो. रस्ता मात्र तो प्रश्न आपल्या कवटीकडे पाहून सोडवतो. डांबराला वॉट समजत नाहीत. म्हणून हेल्मेट निवडताना पोलिसाकडे पाहून निवडू नये. आपण कुठून, किती वेगाने आणि कशावर पडू शकतो, याकडे पाहून निवडावे.

पडणे म्हणजे काय

वेग हा आकड्यात सांगितला की मनाला भिडत नाही. तो उंचीत सांगितला की चटकन समजतो. ताशी २५ किलोमीटर वेगाने जाऊन दुभाजकावर किंवा उभ्या ट्रकच्या मागच्या फळीवर डोके आदळणे, हे सुमारे अडीच मीटरवरून डोक्यावर पडण्यासारखे आहे. म्हणजे आपल्या चाळीच्या खोलीतला पोटमाळा. तोच वेग ४५ झाला तर उंची आठ मीटर होते. म्हणजे दुसऱ्या मजल्याची गॅलरी. वेग दुपटीच्याही आतच वाढला, पण उंची तिपटीहून अधिक वाढली, कारण आघाताची शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असते. ‘थोडासा वेग वाढवला’ असे आपण म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात आपण जिन्याच्या किती पायऱ्या चढलो, ते यावरून ध्यानात यावे.

यावर कुणी म्हणेल, ‘मी तर सिग्नलला उभा असतो किंवा गल्लीतून हळू जातो.’ तरी हिशेब सुटत नाही. गाडीवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असते. गाडी नुसती आडवी झाली तरी दीड मीटरवरून खाली येताना डोके ताशी साडेएकोणीस किलोमीटरच्या वेगाने रस्त्यावर आपटते. कवटीचे हाड काही ठिकाणी इतके पातळ असते की, तेवढे पुरे होते.

विजेच्या गाडीच्या काही खास खोडीही ध्यानात घ्याव्यात. ती आवाज करीत नाही, त्यामुळे रस्ता ओलांडणाऱ्या आजीबाईंना ती येत असल्याचे कळत नाही आणि ऐन वेळी ब्रेक मारावा लागतो. तिची मोटर सुरुवातीलाच पूर्ण जोर देते, त्यामुळे नवखा माणूस मूठ पिळताच झटक्याने पुढे जातो. आणि बॅटरीच्या वजनामुळे साध्या सायकलीपेक्षा तिला सावरणे कठीण जाते.

आंब्याची पेटी आणि थर्माकोल

हेल्मेट काम कसे करते, हे कळले की निवड निम्मी झालीच म्हणून समजा. पुष्कळांची समजूत अशी आहे की, हेल्मेट जितके टणक तितके चांगले. हे अर्धसत्य आहे. सध्या आंब्याचा हंगाम चालू आहे. पेटीतला हापूस देवगडहून भायखळ्यापर्यंत न डागळता येतो तो कशामुळे? लाकडी फळ्यांमुळे नव्हे, आतल्या पेंढ्यामुळे येतो. फळी बाहेरचा टोला अंगावर घेते आणि पसरवते. पेंढा दबतो आणि धक्का मंद करतो. हेल्मेटचेही तसेच आहे. बाहेरचे कवच म्हणजे फळी. आतला दोन-चार सेंटिमीटर जाडीचा, थर्माकोलच्या जातीचा घट्ट थर म्हणजे पेंढा. डोके आपटते तेव्हा हा थर चिरडतो, आणि चिरडण्यात जो क्षणाचा अंश जातो, तेवढ्यात डोके थांबते. हेल्मेट नसेल तर तेच थांबणे एक-दोन मिलिमीटरात घडते. मेंदू मऊ आहे. तो कवटीच्या आत पुढे जाऊन आपटतो आणि रक्तवाहिन्या फाटतात.

यातून तीन गोष्टी आपोआप निघतात. एक : ज्या हेल्मेटात हा थर नाही, नुसता स्पंज आणि कापड आहे, ते हेल्मेट नव्हे, ती टोपी आहे. दोन : थर एकदा चिरडला की तो पुन्हा फुगत नाही. म्हणून मोठा आघात झालेले हेल्मेट बाहेरून कितीही चकचकीत दिसले तरी बाद समजावे. जुन्या बाजारातले, कुणाचे वापरलेले हेल्मेट घेऊ नये, ते याचसाठी. तीन : बांधकामावरचे पिवळे हेल्मेट घालून गाडी चालवू नये. ते वरून पडणाऱ्या विटेसाठी केलेले असते, आणि त्याचे भारतीय मानकही वेगळे आहे. क्रिकेटच्या हेल्मेटलाही हाच न्याय.

ही विद्या जगाला एका मृत्यूने शिकवली. अरबस्तानातल्या पराक्रमाने प्रसिद्ध झालेले टी. ई. लॉरेन्स १९३५ च्या मे महिन्यात इंग्लंडमधल्या एका खेडेगावच्या रस्त्यावर, सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना मोटारसायकलवरून पडले आणि सहा दिवसांनी वारले. त्यांच्या उपचारांसाठी बोलावलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स नावाचे तरुण मेंदुशल्यविशारद होते. त्यांनी हा विषय सोडला नाही. महायुद्धात निरोप्ये म्हणून मोटारसायकलवर फिरणाऱ्या सैनिकांच्या जखमांचा अभ्यास करून १९४१ साली त्यांनी आपला निबंध प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने अशा स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. पुढे अमेरिकेत लोम्बार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्याने चिरडणाऱ्या अस्तराचे हेल्मेट तयार केले. त्याचे पेटंट १९५३ चे आहे. नागरिकांसाठी पहिला सक्तीचा कायदा ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात १९६१ साली अमलात आला. आज जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा की, मोटारसायकलवर हेल्मेट घातल्याने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो. आपल्या देशाचा हिशेब पाहा. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांतील ५०,०२९ दुचाकीस्वारांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते, आणि त्यांत १४,३३७ जण मागे बसलेले होते. मागे बसणारी बहुधा कुणाची तरी पत्नी, बहीण, आई असते, हे मी निराळे सांगायला नको.

निवड कशी करावी

आता मुद्द्याचे. पायडलची सायकल असेल आणि वेग २५ च्या आत असेल, तर चांगले सायकलचे हेल्मेट चालते. मात्र ते युरोपच्या ‘ईएन १०७८’ किंवा अमेरिकेच्या ‘सीपीएससी’ मानकाचे असावे. पण हे हेल्मेट किती उंचीसाठी तपासले जाते ते ठाऊक असू द्या. युरोपीय मानकात सपाट पृष्ठावर ते साधारण दीड मीटरवरून पाडून पाहतात, म्हणजे वर सांगितलेले गाडी आडवी होऊन पडणे. त्याहून वेगवान सायकलींसाठी डच लोकांनी २०१६ साली ‘एनटीए ८७७६’ हे वेगळे मानक केले. त्यात चाचणीचा वेग अधिक आहे आणि कानशिले व मानेच्या वरचा भाग जास्त झाकला जातो. सायकलींचा तो देश, आणि तोसुद्धा वेगवान ई-सायकलला २०१७ पासून हेल्मेटची सक्ती करतो, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

गाडी स्कूटरसारखी असेल, मग तिला नंबर असो वा नसो, किंवा सायकलच असली तरी तिच्यावरून रोज बस-ट्रकच्या गर्दीतून जावे लागत असेल, तर मोटारसायकलचेच हेल्मेट घ्यावे. आपल्याकडे त्याचे मानक ‘आयएस ४१५१’. १ जून २०२१ पासून या मानकाच्या चिन्हाशिवाय दुचाकीचे हेल्मेट बनवणे वा विकणे कायद्याने मना आहे. तरीही रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगलेली हेल्मेटे आपण रोज पाहतो. त्यांवरही ‘आयएसआय’ लिहिलेले असते. छापायला काय लागते? दिल्लीत भारतीय मानक ब्यूरोने मुदत संपलेल्या वा रद्द झालेल्या परवान्यांच्या नऊ उत्पादकांकडून अडीच हजारांहून अधिक हेल्मेटे जप्त केल्याचे सरकारने २०२५ साली जाहीर केले.

तेव्हा चिन्ह कसे वाचावे? चिन्हाच्या वर ‘आयएस ४१५१’ हा मानकाचा क्रमांक असतो आणि खाली ‘सीएम/एल’ या अक्षरांपुढे परवान्याचा क्रमांक असतो. मानक ब्यूरोचे ‘बीआयएस केअर’ नावाचे ॲप आहे. त्यात हा क्रमांक घातला की उत्पादकाचे नाव आणि परवाना चालू आहे की नाही, ते तिथल्या तिथे कळते. दुकानदारासमोर उभे राहून हे करावे. त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. आपण नारळ घेताना हलवून पाहतो आणि कलिंगड घेताना वाजवून पाहतो. डोक्याची वस्तू काय त्याहून स्वस्त आहे?

यानंतर प्रश्न आकाराचा. कितीही भारी हेल्मेट सैल असेल तर पहिल्याच धक्क्यात निघून जाते. शिंप्याची टेप भुवयांच्या वर एक बोट ठेवून डोक्याभोवती फिरवावी आणि त्या मापाचे हेल्मेट मागावे. घातल्यावर ते चहूबाजूंनी सारखे बसले पाहिजे. गालांना ते दाबून बसावे. डोके न हलवता हेल्मेट हाताने फिरवले तर त्याबरोबर कपाळाची कातडी सरकली पाहिजे. हेल्मेट सरकले आणि कातडी जागेवर राहिली तर ते मोठे आहे. नंतर पट्टा बांधून मागची कड वर उचलून पुढे ढकलून पाहावी. ते डोळ्यांवर घसरून निघू लागले तर परत ठेवावे. दुकानातच पाच-दहा मिनिटे घालून बसावे. कपाळावर एकाच जागी दुखू लागले तर आकार आपल्या डोक्याचा नाही. स्त्रियांनी हे माप अंबाडा, मोठा चाप किंवा क्लिप काढून, केस मानेवर खाली बांधून घ्यावे. नाहीतर हेल्मेट डोक्यावर बसण्याऐवजी अंबाड्यावर बसते.

पट्टा हा हेल्मेटचा प्राण आहे. कलम १२९ च्या स्पष्टीकरणातही हेल्मेट पट्ट्याने डोक्याला घट्ट बांधलेले असावे असेच म्हटले आहे. हनुवटी आणि पट्टा यांमध्ये दोन बोटे जावीत, अधिक नाही. बक्कल न लावता घातलेले हेल्मेट हे दार न लावता घातलेल्या कुलुपासारखे आहे.

तोंड झाकणारे घ्यावे की उघडे? आपल्या हवेत उघडे बरे वाटते, हे खरे. परंतु जर्मनीत अपघातग्रस्त हेल्मेटांचा जो अभ्यास झाला, त्यात सुमारे एक-तृतीयांश आघात हनुवटीच्या भागावर आढळले. उघडे हेल्मेट नेमका तोच भाग सोडून देते. म्हणून वेगवान गाडीला पूर्ण हेल्मेटच घ्यावे, अशी माझी शिफारस आहे. नुसते डोक्याच्या माथ्यावर बसणारे, कानाच्या वरच संपणारे वाडग्यासारखे हेल्मेट तर घेऊच नये.

आणखी एक गोष्ट आहे. डोके नुसते आपटत नाही, ते रस्त्यावर घासताना गरकन फिरतेही. मेंदूला या पिळाने फार इजा होते. स्टॉकहोममधल्या संशोधकांनी १९९० च्या दशकापासून या पिळावर काम केले, आणि त्यातून कवच डोक्यावर किंचित सरकू देणारे ‘मिप्स’ नावाचे अस्तर निघाले. ते परवडत असेल तर उत्तम. न परवडणाऱ्याने निदान एवढे करावे की कवच गोल आणि गुळगुळीत घ्यावे. त्यावर शिंगे, तुरे, कॅमेऱ्याचे खांब चिकटवू नयेत. गुळगुळीत वस्तू घसरते, खडबडीत वस्तू अडकते आणि मान पिळते.

रात्री काम करणाऱ्याने काळी काच टाळावी आणि फिकट रंगाचे हेल्मेट घ्यावे. हेल्मेट पेट्रोलने किंवा थिनरने पुसू नये. आतला थर त्याने विरघळतो. वापर रोजचा असेल तर साधारण पाच वर्षांनी ते बदलावे.

आक्षेपांविषयी दोन शब्द

हेल्मेटला विरोध हा आपल्या महाराष्ट्रात जुना आहे. पुण्यात २०१९ च्या जानेवारीत सक्ती सुरू होताच मोर्चा निघाला होता. विरोध करणाऱ्यांची मी थट्टा करणार नाही, कारण त्यांचे काही मुद्दे खरे आहेत. उकाडा होतो, हे खरे. मे महिन्यात घाम मानेवरून पाझरतो, हेही खरे. त्यावर उपाय म्हणजे वायुवाटा असलेले हेल्मेट, आत धुता येणारे सुती कापड, आणि दर आठवड्याला ते धुणे. वजनाने मान दुखते, हीदेखील जुनी तक्रार आहे. तिची दखल घेऊनच मानकात हेल्मेटच्या वजनाची मर्यादा दीड किलोवरून १.२ किलोवर आणली गेली. ‘ऐकू येत नाही’ म्हणणाऱ्यांनी कानात गाण्याची बोंडे घालून गाडी चालवण्याचे आधी सोडावे, मग आपण बोलू.

एक आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो, तो म्हणजे पैशाचा. दिवसाला मिळणाऱ्या कमाईतून गाडीचे भाडे आणि मोबाईलचा खर्च देऊन जो घरी जातो, त्याला चांगले हेल्मेट घ्या असे नुसते सांगणे हा कोरडा उपदेश होतो. नवीन दुचाकी विकताना प्रमाणित हेल्मेट द्यावे, असा नियम आहे. तो गिऱ्हाइकाने मागून घ्यावा. पण नंबर नसलेली भाड्याची गाडी चालवणाऱ्याला कोण देणार? महाराष्ट्र सरकारने २०२५ साली फक्त विजेवरच्या बाईक-टॅक्सीला वाट करून दिली, आणि तिथे प्रवाशाच्या हेल्मेटचा विचार नियमांतच झाला. प्रवाशासाठी जे सुचले, ते जेवणाचे डबे पोहोचवणाऱ्यासाठीही सुचायला हवे. सामाजिक सुरक्षा संहितेने २०२० साली ‘गिग कामगार’ हा शब्द कायद्यात आणला. ज्याला कायदा कामगार म्हणतो, त्याच्या डोक्यावरची जाळी पुरवणे हे काम देणाऱ्याचे कर्तव्य मानले गेले पाहिजे. गिरणीच्या पट्ट्याला जाळी मिळाली ती मागणी केल्यावर. ही मागणीही याच वस्तीतून उठली तर ते परंपरेला धरूनच होईल.

मुलांविषयीही सांगितले पाहिजे. चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना हेल्मेट, अंगाला बांधायचा पट्टा आणि ताशी ४० च्या आतला वेग, असे नियम २०२२ साली केले गेले. आपण दहीहंडीला वरच्या थरावर चढणाऱ्या बाळगोविंदाच्या डोक्यावर हेल्मेट घालतो, आणि ते घातले नाही तर साऱ्या गल्लीला चुकल्यासारखे वाटते. वर्षातून एक दिवस चढणाऱ्या मुलासाठी जे आपण करतो, ते वर्षातले दोनशे दिवस गाडीवर पुढे उभे राहून शाळेत जाणाऱ्या मुलासाठी करीत नाही. हा विचारातला फरक आहे, मायेतला नव्हे. म्हणूनच तो दूर होऊ शकेल, अशी आशा वाटते.

एक सूचना करून मी आपली रजा घेतो. आपल्या भागात मंडळे आहेत, कार्यकर्ते आहेत, आणि उत्सवाला मांडव पडतोच. त्या मांडवात एक टेबल ठेवावे. येणाऱ्याने आपले हेल्मेट आणावे आणि तिथल्या दोन तरुणांनी परवान्याचा क्रमांक तपासावा, माप पाहावे, बक्कल पाहावे, आतला थर दाबून पाहावा. जे बाद ठरेल ते तिथेच फोडून टाकावे, म्हणजे ते पुन्हा कुणाच्या डोक्यावर चढणार नाही. आणि मंडळाला जमेल तितक्या गरजूंना चांगले हेल्मेट घ्यायला हातभार लावावा. यात खर्च थोडा आहे आणि भाषणाची तर गरजच नाही.

‘शिर सलामत तो पगडी पचास’ असे आपले वाडवडील म्हणत आले. डोके शाबूत राहिले तर पगड्या पन्नास मिळतील, असा त्याचा अर्थ. विजेवरच्या दुचाकीच्या काळात त्या म्हणीची दुसरी बाजू आपण शिकली पाहिजे. पन्नास नकोत, पगडी एकच असावी. पण ती पारखून घेतलेली, मापाची आणि पट्टा बांधलेली असावी. मग शिर सलामत राहील.